अर्धा तांदूळ

आमच्याकडे रंधा ओढतात.
बाकीचं जग ढकलतं म्हणे, पुढे, स्वतःपासून लांब.
बाबा पाय रोवून उभे राहायचे
आणि लाकूडच अंगाकडे बोलावून घ्यायचे.
साल निघायची इतकी पातळ
की तिच्यातून मी दिवा बघायचे.

बोसोच्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या तोमेझोचा
हा थोरला मुलगा, इसाकु.
त्यानंही होड्याच बांधायच्या, असं ठरलेलं.
पण एकसष्ट साली तळावरचे दोन शिपाई
लाटेवर उभे राहिलेले त्यानं पाहिले
आणि हातातला हातोडा वाळूतच विसरून आला.
आजोबा म्हणाले, भरतीनं नेला.
आजी म्हणाली, नुसता हातोडाच नेला असता तर बरं होतं.

विचारायला कुणी नव्हतं.
होतं एक फाटकं मासिक, न कळणाऱ्या भाषेतलं.
त्यातल्या माणसाच्या पावलावरून
बाबांनी फळीची लांबी काढली.
पण त्या माणसाचं पाऊल केवढं?
पहिल्या सोळा फळ्या त्यामुळे
वीतभर आखूड झाल्या.

सगळ्यांत पहिली प्लायवूडची होती, पोकळ,
आतून होडीसारख्या बरगड्या,
शेपटीला बूच, शिरलेलं पाणी काढायला.
चौघांनी उचलायची, एकट्यानं बुडवायची.
मग मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके
चिकटवून, तासून एक केली.
रात्री तिच्यावर रेझिन ओतलं
आणि सकाळी बघतात तर
रेझिननं सगळं पोट खाऊन टाकलेलं.
उरलं होतं काचेचं सुरकुतलेलं कापड,
मधोमध लाकडी कणा
आणि बांगड्यांचा वास.
बाबा तिच्याशेजारी मांडी घालून बसले
आणि हसत सुटले.
गावानं त्यांना वेड्यांत काढलं ते त्या दिवशी.

धक्क्यावरचे म्हातारे त्यांच्याशी बोलत नसत.
आपापसात मात्र मोठ्यानं बोलत:
वादळ अजून कुठे, लांब दक्षिणेला आहे,
आणि पाणी बघ, आजच जड झालंय.
बाबा पाठमोरे बसून जाळ्याचा दोरा चावत
सगळं ऐकून घ्यायचे.
तिसऱ्या दिवशी पहाटे
आख्ख्या किनाऱ्यावर ते एकटेच असायचे.
मला आठवतं ते त्यांचं उभं राहणं नाही.
लाट संपल्यावर ते पाण्यात
हळूच उतरायचे, ते आठवतं,
झोपलेल्या घरात कुणी शिरावं तसे.

कारखाना म्हणजे आजोबांचीच पडवी.
भिंती निळ्या,
कमरेच्या उंचीवर दोन्हीकडे ट्यूबलाइट,
म्हणजे खड्डा असेल तिथे सावली पडते.
फोमचा भुगा केसांत, भातात, आईच्या शिव्यांत.
मी सात वर्षांची.
बाबा माझा तळवा फळीवर ठेवायचे.
डोळे मीट. इथे काही आहे?
आहे.
केवढं?
तांदळाएवढं.
अख्खा की अर्धा?
अर्धा.
मग ते रंधा घ्यायचे
आणि एकदाच, एकदाच ओढायचे.

प्रत्येक फळीच्या कण्यावर, काचेखाली,
पेन्सिलीनं आकडा, गिऱ्हाइकाचं नाव, वजन.
कधी एखादी टीप: डावा गुडघा दुखतो.
किंवा: घाबरतो, पण सांगत नाही.
एकदा दोनशे अकरा नंबरची फळी
निम्मीच परत आली, शिंपल्यांनी भरलेली.
नाव पुसलं होतं. टीप शिल्लक होती:
याला उधार देऊ नये.
बाबांनी ती दाराशी बाक म्हणून टाकली.

मास्क त्यांनी उशिरा लावला.
छातीत भुगा आधीच जाऊन बसला होता.
डॉक्टर काळ्या फिल्मवर बोट ठेवून
पांढरे ठिपके दाखवत होते;
बाबा फिल्म तिरकी धरून
कडेनं बघत होते, सवयीनं.
असमान आहे, म्हणाले.

आता पडवीत एक फळी आहे, अर्धवट.
चार हजार एकोणनव्वद.
तात्सुरोची. टीप अजून लिहिलेली नाही.
तो दर रविवारी येतो, त्या बाकावर बसतो,
समुद्राकडे बघत विचारतो, झाली?
मी पाय रोवते,
रंधा अंगाकडे ओढते.
झालीच आहे खरं तर, बहुतेक.
पण माझा तळवा मिटल्या डोळ्यांनी
शेपटीजवळ कशाला तरी अडखळतो
आणि मी त्याला सांगते,
पुढच्या रविवारी ये.